पंचविसावी पिशवी

मशीनवर आकडा आला, २०.४.

मी सुधाकरभाऊंच्या दुसऱ्या बोटाला टोचलं. २०.६.

मंडपात माईकवरून त्यांचंच नाव चाललं होतं. नंदनवनात शाळेची व्हॅन चालवणारे सुधाकरभाऊ आज पंचविसाव्यांदा रक्तदान करणार होते. शिबिर दिनेशभाऊ नावाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. शाल, नारळ, फोटोग्राफर, सगळं तयार. मी रक्तपेढीची टेक्निशियन. माझ्यासमोर त्याच आठवड्यात आलेलं हिमोग्लोबिनचं मशीन आणि मागे थांबलेली रांग.

मशीन बिघडलं असेल म्हणून मी स्वतःच्या बोटाला टोचून पाहिलं. ११.९. रक्तदानाला किमान साडेबारा लागतं आणि निरोगी पुरुषाचंही सहसा सतरा-साडेसतराच्या वर जात नाही. म्हणजे मशीन ठीक होतं आणि लोकांना रक्तदानाचं महत्त्व सांगत फिरणारी मीच नापास होते.

तोवर आमच्याकडे मोरचुदाची पद्धत होती. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात रक्ताचा एक थेंब सोडायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला तर कमी. सुधाकरभाऊंचा थेंब खड्यासारखा तळाला जायचा. गेल्या शिबिराचं पत्रक मीच लिहिलं होतं. त्यावर त्यांचा लालबुंद चेहऱ्याचा फोटो आणि खाली माझं वाक्य, 'असं रक्त कमवा आणि असंच वाटा!' आमच्या घरात कपड्यांपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. उद्गारचिन्ह कुठे द्यायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

बुडालेला थेंब एवढंच सांगतो की पुरेसं आहे. पुरेशाच्या वर किती आहे, ते तो सांगत नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दिनेशभाऊ टेबलाशी आले. "काय झालं मॅडम? कमी भरलं का?"

"जास्त भरलं."

"मग तर बढिया आहे! दोन पिशव्या घ्या ना!"

शिबिराचे डॉक्टर, आमचे सर, धावत आले. फॉर्म पाहून हळूच म्हणाले, "सतरा लिही. मशीन नवीन आहे. पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावून नीट तपासू."

"सर, आकडा मी लिहिला आहे. खोडायचा असेल तर तुम्ही खोडा आणि बाजूला सही करा."

सरांनी पेनचं टोपण काढलं. फॉर्मवरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी सुधाकरभाऊंना खुर्चीवर बसवलं.

"डोकं दुखतं का हो?"

"दुखते ना. पण रक्त दिलं का हलकं होते. म्हणून तर मी तारखेची वाट पाहत राहतो."

"आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते?"

"तुमाले कोणं सांगतलं?"

सरांनी टोपण परत लावलं. "आज नाही."

सुधाकरभाऊ माझ्याकडे वळले. "काहून वं ताई? माझं रक्त खराब झालं का? सारा मोहल्ला पाहाले आला आहे."

"खराब नाही भाऊ, जास्त दाट आहे," मी म्हटलं. रक्त इतकं दाट असलं की त्यात गुठळी होऊ शकते. ती मेंदूत झाली तर लकवा. हा माणूस रोज सकाळी गाडीत शाळेची पोरं भरून रिंग रोड ओलांडत होता. शाल दिनेशभाऊंनी दुसऱ्याच दात्याला घातली. माईकवर नाव तेवढं बदललं, बाकीचं भाषण तेच.

मोठ्या तपासण्यांचे रिपोर्ट आले तेव्हा सुधाकरभाऊंना समजावून सांगायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी सांगितलं ते असं.

हाडांच्या आत मूळ पेशी असतात. त्यांचं काय व्हायचं ते आधी ठरलेलं नसतं. शरीर रसायनांच्या हाती निरोप पाठवतं. एका निरोपाने पांढऱ्या पेशी तयार होतात, दुसऱ्याने रक्त गोठवणाऱ्या. लाल पेशींचा निरोप मूत्रपिंडांकडून येतो. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की ती एक रसायन सोडतात, त्याला डॉक्टर ईपीओ म्हणतात. ते हाडांतल्या पेशीच्या दारावर येऊन बसलं की आतला चपराशी घंटी वाजवतो आणि लाल पेशी बनायला लागतात. पुरेशा झाल्या की निरोप बंद, घंटी बंद.

"तुमच्या रक्तात तो निरोप जवळजवळ नाहीच, भाऊ. मूत्रपिंडं कधीची थांबा म्हणून राहिली आहेत. पण त्या चपराशात जन्मानंतर कधीतरी एक बिघाड झाला. तो निरोप नसताना घंटी वाजवतो."

सुधाकरभाऊंनी विचार केला. "म्हणजे माझ्या पेशी न सांगता कामावर येऊन राहिल्या. आमच्या घरी तर सांगूनही कोणी उठत नाही."

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "ज्यायले माझं रक्त गेलं, त्यायचं काय?"

हा आजार रक्तातून दुसऱ्याला लागल्याचं दिसत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. तरीही नियमाने सुधाकरभाऊ आता दाता म्हणून कायमचे बाद.

आणि उपचार? गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी. शिवाय, ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. म्हणजे इतकी वर्षं दिनेशभाऊंच्या वाढदिवसासारखी शिबिरंच त्यांच्यावर इलाज करत होती आणि आम्ही त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्रं देत होतो.

पुढच्या सोमवारी ते आमच्याकडे आले. खुर्ची तीच, सुई तशीच, पिशवी तशीच. लेबलवर मी लिहिलं, 'उपचारासाठी काढलेले. रुग्णास देऊ नये.' त्यांनी मान वाकडी करून वाचलं.

"म्हणजे हे कचऱ्यात?"

"हो."

"पंचविसावं धरता का?"

हो म्हणायला काय लागत होतं? "नाही भाऊ. चोवीसच."

पिशवी भरत आली तेव्हा ते म्हणाले, "बिस्किट तं द्याल?"

दोन पुडे दिले.

आता त्यांचं डोकं दुखत नाही. तोवर बंद ठेवलेली व्हॅनही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरू झाली. आमच्या फॉर्मवर हिमोग्लोबिनची फक्त किमान मर्यादा छापलेली आहे. जुने फॉर्म संपेपर्यंत कमाल मर्यादा मी हाताने लिहिते. कमी काय आहे ते शोधायला आम्ही सगळे शिकलो होतो. जास्त दिसलं की टाळ्या वाजवत होतो.

माझ्या त्या पत्रकांचा गठ्ठा कपाटात उरला होता. मागची बाजू कोरी, म्हणून कच्च्या नोंदींना वापरतो. परवा सुधाकरभाऊंनी टेबलावरचं एक उलटं करून पाहिलं. स्वतःचा लालबुंद फोटो बराच वेळ न्याहाळला.

"तब्येत काय होती वं माझी!" ते म्हणाले.