दस्तीचं आरक्षण

कळमनुरीहून हिंगोलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मला रोज एक काका दिसतात. त्यांचं नाव मला माहीत नाही, दस्ती, म्हणजे हातरुमाल, मात्र पाठ आहे. गाडी स्टँडवर थांबते न थांबते तोच ते खिडकीतून ती निळी दस्ती आत फेकतात आणि ती बराबर 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेल्या सीटवरच पडते. मग काका शर्टाची इस्त्री सांभाळत सावकाश चढतात आणि तिथं बसतात. समानतेची पत्रकं वाटून माझे हात दुखले, पण त्या दस्तीइतका मान मला अजून एकाही बाईला मिळवून देता आलेला नाही.

परवा एक गरोदर बाई तपासणीला निघाली होती. गाडी गच्च भरलेली. ती दांडी धरून काकांसमोरच उभी होती. तिचे पाय सुजले होते.

मी म्हटलं, "काका, उठा. ही सीट बायकांची आहे."

"काहून उठू? तुमालाच बराबरी पायजे होती ना, ताई? मग ऱ्हावा उभ्या बराबरीनं!"

आजूबाजूचे पुरुष खदखदून हसले. कंडक्टरला नेमकं तेव्हाच मागच्या लोकांचं तिकीट आठवलं.

ती बाई मात्र शांतपणे म्हणाली, "काका, तेवढी दस्ती द्या. लई मळमळून राहिलं."

काका ताडकन उठले. दस्ती वाचली, बाई बसली. आमच्या कुठल्याच पत्रकानं आजवर कुणाला इतक्या चपळाईनं उठवलेलं नाही.

आज सकाळी काकांनी दस्ती एक सीट मागे फेकली. तीही बायकांसाठीच राखीव आहे.