बाबांनी विझवलेला दिवा

उगाच जळणारा दिवा माझ्या वडिलांना सहन होत नाही. टीव्हीखालचा लाल ठिपका, इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा, मोबाइल काढून घेतल्यावरही चालू राहिलेलं चार्जरचं बटण, या सगळ्यांचा रोज जेवणानंतर ते बंदोबस्त करतात. कल्याणच्या घरी पहिल्यांदा राहायला आला तेव्हा माझा नवरा बाथरूममध्ये अंधारात अडकला होता. आत जावई आहे हे बाबांना ठाऊक होतं. पण सवय ती सवय.

आई निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत खिडकीमागे बसून बिलांचे आकडे टाइप करायची. समोरच्या माणसाशी वाद घालत, कीबोर्डकडे न बघता, उजव्या हाताने. त्यामुळे लॅपटॉप घेताना तिची अट एकच होती, उजवीकडे आकड्यांच्या कीज वेगळ्या हव्यात. दुकानदार रंग दाखवत होता आणि ही भेंडी निवडावी तशी कीज दाबून बघत होती. तेव्हापासून रोज दुपारी ती लॅपटॉपवर सुडोकू सोडवते आणि मधे कोणी बोललं तर चिडते.

गेल्या वर्षी एकदा तिचा फोन आला.

"अगं, लॅपटॉप उघडत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतोय."

पासवर्ड म्हणजे तिच्या माहेरच्या गावाचं नाव आणि पुढे आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर. मी विचारला, तिने घडाघडा म्हणून दाखवला. बरोबर होता.

"मग टाक ना पुन्हा."

"टाकला. यांनी टाकला की लगेच उघडतो. मी टाकला की नाही."

बाबा एका बोटाने टाइप करतात. अक्षरांच्या वरच्या ओळीत आकडा शोधायचा, सापडला की त्याच्याकडे एकदा संशयाने बघायचं आणि मग दाबायचा. अशा माणसाला जमतंय आणि आईला नाही, याचं मला हसूच आलं. आई हसली नाही. "मावशीचं पण असंच सुरू झालेलं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

विठ्ठलवाडीची मावशी आईची मोठी बहीण. आधी ती गॅसवरचं दूध विसरायला लागली, मग घरचा रस्ता. शेवटी आई भेटायला गेली की "बसा हं बाई, चहा टाकते" म्हणायची. आई रिक्षात बसेपर्यंत रडायची नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांचा फोन. आवाज खाली.

"तिने किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. म्हणते, आता तुम्हीच सांभाळा."

आता मात्र मी घाबरले. घराच्या किल्ल्यांचा जुडगा आईने आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता, बाबांच्या तर नाहीच. या माणसाने आयुष्यात जेवढ्या छत्र्या घेतल्या, तेवढ्या रिक्षांत सोडल्या आहेत.

शनिवारी मी बाळकुमच्या माझ्या घरून कल्याणला मुक्कामाला गेले. रविवारी सकाळी आईच्या मागे उभी राहिले आणि तिला पासवर्ड टाकायला सांगितलं. तिने गावाचं नाव टाकलं, मग उजवा हात झरझर फिरला. हाताला काहीही झालं नव्हतं. पण पडद्यावर गावाच्या नावापुरतेच ठिपके आले. आकड्यांचा एकही नाही.

नम लॉक बंद होता. तो बंद असला की उजवीकडच्या कीज आकडे टाकतच नाहीत. सुडोकूत आकडा उमटला नाही की आईचं बोट आपसूक नम लॉकवर जायचं, कचेरीतली सवय. पासवर्डात सगळे ठिपकेच, तेही ती बघत नव्हती.

"पण दुपारी चालू केलेला सकाळी बंद कसा होतो?" मी नम लॉकच्या कीवरचा बारीक दिवा दाखवला. "याला कोण हात लावतं?"

"मी," बाबा अभिमानाने म्हणाले. "हल्लीच दिसला मला. तेव्हापासून रात्री लॅपटॉप बंद करायच्या आधी आठवणीने विझवतो. ही रोज जळता ठेवते."

आई हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. बाबा दिव्याकडे बघत राहिले. "मला काय माहीत, त्याला काही काम असतं म्हणून," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला त्यांचीही दया आली.

मी लॅपटॉप पुन्हा चालू केला, आतल्या सेटिंगमध्ये शिरले आणि सुरू होतानाच नम लॉक लागलेला असेल अशी सोय केली. आता बाबांनी कितीही विझवला तरी सकाळी तो पेटलेलाच असणार. आईला तेवढ्याने भरवसा वाटेना. तिने कपाळावरची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. दिसलाच नाही तर विझवणार कसा?

मग ती खुर्चीत नीट बसली, कीबोर्डकडे न बघता पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप उघडला. तिने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांकडे वळून हात पुढे केला.

"अहो, किल्ल्या द्या इकडे."

बाबा खिसे चाचपायला लागले.