लिझेलचा हात

शनिवारी सकाळी वाल्डा जेप्था सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर यायची. लोकांना वाटायचं, या बाईला पाण्याची काय ओढ! ओढ होतीच, पण खरी गोष्ट वेगळी होती. लवकर आलं की आपण कुणाची तरी वाट बघतोय असं दिसतं. उशिरा यावं तर सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या असतात आणि आपण मधोमध उभे, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखे.

तिचा नवरा सेड्रिक होता तोवर हा प्रश्नच नव्हता. तो नौदलाच्या गोदीतला पाणबुड्या. लग्नानंतर त्यानेच तिला इथे, या खडकांच्या आडोशाला, केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाच्या रानात उतरायला शिकवलं. इथे लाट मोठी येत नाही आणि पाणी दोन मजल्यांपेक्षा खोल नाही. माणूस जमिनीवर जसा तऱ्हेवाईक असतो तसाच पाण्याखाली असेल असं नाही. सेड्रिकने रस्ता ओलांडताना कधी बायकोचा हात धरला नाही, लोक काय म्हणतील म्हणून. पाण्याखाली मात्र तो सोडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्याने तो गेला आणि वाल्डाचा हात तेव्हापासून मोकळाच होता.

हौशी पाणबुड्यांच्या क्लबचा नियम एकच: पाण्यात एकट्याने जायचं नाही. क्लबचा प्रमुख क्लाइव्ह आरेन्से तिला दर शनिवारी कुठल्या तरी जोडीला चिकटवून द्यायचा. हल्ली फोर्टुइन भावांच्या वाट्याला ती आली होती. दोघेही अंगाने दांडगे, स्वभावाने भले. पण पाण्यात दोघं एकमेकांकडे बघतात आणि तिसऱ्याची आठवण त्यांना वर आल्यावर होते.

त्या दिवशी क्लाइव्हने तिला जरा बाजूला घेतलं.

"आंटी, राग मानू नका. तिघांना एकत्र सोडणं बरोबर नाही हे तुम्हालाही कळतं. तुमचा अनुभव मोठा, म्हणून मी डोळेझाक करतो. पण काही कमी-जास्त झालं ना, तर मग तुमचं उतरणं बंद करावं लागेल, माझा नाइलाज आहे."

"माझ्याकडून काय कमी-जास्त होणार रे? तू चड्डीत फिरत होतास तेव्हापासून मी या पाण्यात उतरतेय."

"म्हणून तर म्हटलं," क्लाइव्ह हसला.

तेवढ्यात रुवान आणि लिझेल आले. क्लबात नवीन, लग्नालाही वर्षच झालेलं. गाडीतून दोघं दोन बाजूंनी उतरले, दारं दोनदा आपटली, आणि लिझेलने स्वतःचं हवेचं जड सिलिंडर स्वतःच ओढत खाली नेलं. रुवान मदतीला पुढे झाला तर म्हणाली, "राहू दे. तुझ्या आईला कर मदत." थोरल्या फोर्टुइनने धाकट्याला कोपराने ढोसलं. सकाळी सकाळी एवढं ऐकायला मिळालं की चहाला गोडी येते.

दोन दिवस आग्नेयेचा वारा सुटला होता, त्यामुळे पाणी गढूळ होतं. हात लांब केला तर पंजा दिसेल न दिसेल. केल्पचे दोरखंडासारखे देठ खालून वर गेलेले, वर त्यांच्या पानांचं छप्पर, आणि त्यातून झिरपणारा पिवळसर उजेड. फोर्टुइन बंधू खडकाच्या पहिल्याच वळणाला दिसेनासे झाले. आता नियमाप्रमाणे मिनिटभर शोधायचं आणि सरळ वर यायचं. वाल्डा शोधू लागली.

आणि कुणीतरी तिचा हात धरला.

तो फोर्टुइन नव्हता हे तिला त्याच क्षणी कळलं. एका फोर्टुइनमध्ये अशी दोन माणसं मावली असती. सडपातळ अंग, नवाकोरा सूट. रुवान! अंगभर काळं रबर, डोक्यावर टोपी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. अशा सोंगात त्या गढूळ पाण्यात साठीची बाई काय आणि पंचविशीची काय. त्याला ती लिझेल वाटली होती.

वाल्डाने मान हलवायची होती. अंगठा वर करून "चल वर" म्हणायचं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. त्याने तिचा हात हलकेच दाबला, विचारल्यासारखा. आणि तिने, देव तिला क्षमा करो, उलट दाबला.

मग तो तिला हळूहळू केल्पमधून घेऊन गेला. एका कपारीत छोटा लाजरा शार्क शेपटीने डोळे झाकून वेटोळं करून पडला होता, तो त्याने तिला बोटाने दाखवला. डोक्यावर शिंपल्याच्या टोप्या घातलेले समुद्री साळिंदर दाखवले. तिचा सिलिंडरचा पट्टा सैल झालेला त्याच्या लक्षात आला, तेव्हा मागे जाऊन त्याने तो नीट आवळला आणि वर खांद्यावर थोपटलं. प्रत्येक वेळी हात पुन्हा हातात. हे सगळं तिने हजारदा पाहिलं होतं. तरी काचेच्या आत तिचे डोळे भरून आले, आणि पाण्याखाली डोळे पुसता येत नाहीत.

वर आले ते हातात हात घालूनच. रुवानने काच वर केली, तिने केली, आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"आंटी? तुम्ही? मग लिझेल कुठाय?"

लिझेल किनाऱ्यावर होती. हात सुटल्यावर नियमाप्रमाणे मिनिटभर शोधून ती एकटीच वर आली होती आणि तेव्हापासून थरथरत खडकावर बसली होती. भोवती फोर्टुइन बंधू खाली माना घालून उभे.

"सकाळचा राग काढलास ना?" रुवान जवळ येताच ती ओरडली. "मला आत टाकून निघून गेलास!"

"अगं, मी तुझाच हात धरला होता! म्हणजे मला वाटलं, तूच. गढूळ होतं इतकं..."

"खोटं बोलू नकोस! इतका वेळ? या आंटींना कळलं नसतं? त्यांनी लगेच वर आणलं नसतं तुला?"

क्लाइव्हचा आवाज थंड होता. "ती बरोबर बोलतेय, रुवान. आंटींसारखा माणूस असली चूक करत नाही. तू बायकोला सोडून भटकत होतास आणि शेवटी कुठेतरी आंटींना गाठलंस, असंच ना? असला माणूस मला क्लबात नकोय."

लिझेलने बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली होती. वाल्डाने ते पाहिलं. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. तिचं नाव इतकं चांगलं होतं की त्या नावानेच पोरगा खोटा ठरत होता.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या क्षणालाच."

सगळे वळले.

"मग आंटी, तुम्ही बोलला का नाहीत?" क्लाइव्हला खरोखरच समजेना.

"सेड्रिक गेल्यापासून माझा हात कुणी धरला नाही रे. सोडवेना मला."

धाकटा फोर्टुइन उगाचच सिलिंडरची चावी घट्ट करू लागला. क्लाइव्ह समुद्राकडे बघत हळूच म्हणाला, "पोरगी त्या गढूळ पाण्यात एकटी पडली होती, आंटी. तिला काही झालं असतं तर?"

"माहीत आहे."

"मग पुढच्या शनिवारपासून..."

"तेही माहीत आहे. तू बोलू नकोस."

ती जायला निघाली. तेवढ्यात लिझेलने तिची बाही धरली. रागाने धरली की कशाने, तिचं तिलाच कळत नसावं.

"त्याने खरंच धरला होता? माझा म्हणून? मी सकाळी त्याला इतकं बोलले तरी?"

वाल्डाने तिच्याकडे पाहिलं. पोरीचे ओठ थंडीने निळे पडले होते. खोटं सांगायची गरज नव्हती, खरंच पुरेसं होतं. फक्त ते सगळंच्या सगळं देऊन टाकावं लागणार होतं.

"धरला होता," ती म्हणाली. "आधी तुझा हात दाबून विचारलं त्याने, राग गेला का म्हणून. मग तुला लाजरा शार्क दाखवला. तुझा पट्टा सैल झाला होता, तो आवळला आणि तुझ्या खांद्यावर थोपटलं. आणि हात, पोरी, तुझा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही."