डहाळीचा घाट आणि माझा डावा पाय

आमच्या घराण्याच्या मागे भूत लागलं ते माझ्या डाव्या पायामुळे. उजवा पाय निर्दोष आहे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. दरेकशाच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं घर होतं. आमच्या ह्यांचं बांबूचं कंत्राट, आणि त्यासाठी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली एक जीप. मी वीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं येतं अशी माझी समजूत होती. तेव्हा हे मला खळ्यात जीप शिकवू लागले. क्लच दाब, गिअर टाक, क्लच हळू सोड. दाबणं मला उत्तम जमायचं. घोडं अडायचं ते ‘हळू’वर.

दोष ढेकीचा. ढेकी म्हणजे धान कांडायचं लाकडी धूड. एक टोक पायाने दाबलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर उठतं. पाय सोडला की ते उखळात धाडकन पडतं. लग्नाआधी आठ वर्षं मी ढेकीवर उभी होते. दाब, सोड, धाड! माझ्या डाव्या पायाला जगातली दुसरी रीतच ठाऊक नव्हती. मी क्लच सोडला की जीप बेडकासारखी उडी मारायची, दोन आचके द्यायची आणि मरायची. पंधरा दिवस कोंबड्यांनी खळ्याकडे तोंड केलं नाही. (हे आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं. त्या कोंबड्यांच्या बाजूने होत्या.)

हे सगळं खळ्यातच राहिलं असतं, पण माझ्या नणंदेला, कमलला, नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. पोर सतरा वर्षांची, हुशार. आत्याबाईंनी हो म्हटलं होतं ते एका अटीवर: जायच्या दिवशी अपशकुन झाला, गाडी चुकली, तर देवाच्या मनात नाही असं समजायचं आणि गोंदियाजवळच्या गोरेगावचं स्थळ पक्कं करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं, म्हणजे दरेकशाहून चारची पॅसेंजर गाठायलाच हवी होती. आणि त्याच्या दोनच दिवस आधी हे बांबूच्या ढिगावरून घसरले. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात. ड्रायव्हर रोवणीसाठी, म्हणजे भातलावणीला, आपल्या गावी गेलेला. बैलगाडी जोडावी, तर बैलही रोवणीच्या चिखलात जुंपलेले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

दुपारी दोनला निघालो. जीपचं स्टेअरिंग डावीकडे, तिथे मी. शेजारी पाय लांब करून हे. मागे ट्रंकेवर कमल, आणि तिच्याजवळ आत्याबाई. अपशकुन झालाच तर तो पाहायला घरातलं मोठं माणूस हवं, म्हणून आल्या होत्या. सपाट रस्त्यावर मी झकास चालवली. एकदा सुटलेली जीप चालवायला अक्कल लागत नाही. ती लागते थांबल्यावर. आणि पुढे डहाळीचा घाट होता, तिथे थांबावंच लागायचं.

त्या चढावर फार पूर्वी एका लाकूडतोड्याला वाघाने मागून धरलं होतं. तेव्हापासून वाटेने जाणारा प्रत्येक माणूस तिथे झाडाची एक डहाळी टाकतो. वर्षानुवर्षांच्या डहाळ्यांचा तो ढीग पुरुषभर उंच झाला होता. खाली काळा, कुजलेला, वर ताजा हिरवा. डहाळी न टाकता जो जाईल त्याला त्या लाकूडतोड्याचं भूत मागून धरतं असं सगळे म्हणत. त्याला जसं धरलं, तसंच. त्याचं नाव कुणी घेत नसे.

पाऊस थांबला होता, पण झाडं गळत होती. भर दुपारी तिथे दिवेलागणीसारखा अंधार. एकही पाखरू नाही. ढिगाच्या जरा पुढे मी जीप थांबवली, तशी ती बंद पडली आणि इतकी शांतता झाली की कमलच्या बांगड्या दचकल्यासारख्या वाजल्या. कमल उतरली, स्वतःची डहाळी टाकली, आईची टाकली, भावाची टाकली आणि वर चढून बसली.

मी जीप सुरू केली. क्लच सोडला. धाड. जीप उडाली, मेली आणि हातभर मागे सरकली.

पुन्हा. धाड. पुन्हा हातभर मागे.

तिसऱ्यांदा मी ‘हळू’ जमवायचं म्हणून क्लच निम्म्यावर धरला आणि भीतीने रेस तळापर्यंत दाबली. इंजिन किंचाळलं. जीप थरथरत जागच्या जागी उभी राहिली. पुढे जाईना, मागे येईना. आणि मग वास आला. ओल्याचिंब रानात, जिथे काडीही पेटली नसती, तिथे काहीतरी जळत होतं. आमच्या पायांखालून निळसर धूर निघाला आणि सरपटत मागे, त्या ढिगाकडे गेला.

‘‘धरलं,’’ आत्याबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘त्यानं मागून धरलं.’’

‘‘माय, क्लच जळून राहिला तो,’’ हे म्हणाले. पण मागे वळून त्यांनीही पाहिलं नाही.

‘‘सूनबाई, तुनं डहाळी टाकली का?’’

मी टाकली नव्हती. माझे दोन्ही पाय कामात होते आणि कमलला माझी डहाळी टाकायची आठवण राहिली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी माझी मानच मागे वळेना. माझ्या पाठीवर काहीतरी गार होतं. (तो घाम होता. पण घामाला इतकं गार असायचं काय कारण होतं?)

ह्यांनी हँडब्रेक ओढून धरला आणि म्हणाले, ‘‘जा, टाकून ये, जल्दी.’’ मी इंजिन बंद करून उतरले. त्या हँडब्रेकचा स्वभाव नवऱ्यासारखा होता. दिसायला कडक, धरून ठेवायचं काही नाही. आणि जीप मी गिअरमध्ये न ठेवताच उतरले होते.

सागाची फांदी मोडून मी वळले, तर जीप चालली होती. इंजिन बंद, आवाज नाही, धक्का नाही. ट्रंकेवर कमल, हात जोडलेल्या आत्याबाई, हँडब्रेक ओढून लाल झालेले हे. माझं अख्खं सासर माझ्याकडे बघत बघत, मुकाट्याने, उताराने मागे मागे चाललं होतं. कुणी ओरडलंसुद्धा नाही. मीही नाही. मी नुसता फांदीने टाटा केल्यासारखा हात हलवला.

मग जीप थोडी वळली आणि पाठ लावून त्या ढिगात शिरली. हाडं मोडावीत तसा कडकड आवाज झाला. आणि ती थांबली.

मी धावत गेले. सगळे शाबूत होते. मागची चाकं डहाळ्यांत रुतून घट्ट बसली होती. त्यानं धरलं होतं हे आता मीही नाकारू शकत नव्हते. धरलं नसतं तर खाली नाल्यात गेले असते.

‘‘घरी चला,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘इतकं झाल्यावर पोरगी जात नसते.’’

कमलने ट्रंकेचं कुलूप मुठीत घट्ट धरलं. ते मला दिसलं आणि मला माझी ढेकीवरची आठ वर्षं आठवली. भीतीतही मला एक खोडी सुचली.

‘‘आत्याबाई, घरी जायला गाडी मागे घ्यावी लागते. मागे तो आहे. त्याच्या अंगावरून घेऊ का?’’

आत्याबाईंनी ढिगाकडे पाहिलं. एक हिरवं पान उगीचच हललं. त्यांनी पदर घट्ट लपेटला. ‘‘समोरच चाल मंग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन हे अशी धाडधाड काऊन सोडतेस वो तू?’’

‘‘ढेकीची सवय आहे.’’

‘‘ढेकी?’’ आत्याबाई पहिल्यांदाच माझ्या पायाकडे बघायला पुढे वाकल्या. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ढेकीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. ‘‘हे कमली लहान होती, तवा उखळात हात घालून धान सारे. मी पाय अर्ध्यावर धरून ठेवत जाओ. तिचा हात निघाला का मंग सोडो. येकडाव चुकली नाही मी. आता समज, उखळात कमलीचा हात आहे.’’

मी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला. गिअर टाकला. आणि पाय सोडताना मला खरोखरच खाली, त्या जळक्या वासाच्या अंधारात, एक लहानसा हात दिसला. माझा पाय अर्ध्यावर आपोआप थांबला. इंजिनाचा आवाज जाड झाला, जीपचं नाक किंचित उचललं. ‘‘धर,’’ आत्याबाई कानाशी पुटपुटल्या, ‘‘धर... निघाला हात. सोड आता.’’

डहाळ्या कडकडल्या, आणि जीप दुधावरची साय उचलावी तशी ढिगातून निघाली. चढ संपेपर्यंत कुणी मागे पाहिलं नाही. माझी डहाळी मात्र मांडीवरच राहिली होती. ती मी घाटमाथ्यावरून मागच्या दिशेने भिरकावली. पोचली असावी.

चारची पॅसेंजर दहा मिनिटं उशिरा होती. कमल बसली. आत्याबाईंनी खिडकीतून तिच्या दोन्ही हातांची बोटं एकेक करून चाचपली, जणू मोजून देत होत्या, आणि गोरेगावच्या स्थळाचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. पुढे कमलने त्याच हातांनी भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत किती बाळंतपणं केली, ते तिलाच ठाऊक. आत्याबाई मात्र दर आषाढात त्या ढिगाला नारळ द्यायच्या, ‘आमची गाडी धरली होती’ म्हणून. मी शेजारी मान खाली घालून उभी राहायचे. गावात माझाही मान वाढला होता. भुताच्या हातून गाडी सोडवणारी सून दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

तो मान गोंदियाच्या मिस्त्रीने घालवला. घाटातल्या त्या दिवसानंतर आठवड्याने त्याने जीपचा क्लच उघडला, कोळशासारखी झालेली प्लेट चिमट्याने बाहेर काढली आणि बराच वेळ टोपी काढून उभा राहिला. ह्यांनी माझी लाज राखायला सांगितलं की घाटात भूत गाडी मागून ओढून राहिलं होतं.

मिस्त्रीने प्लेटकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीने म्हणाला, ‘‘भाभीजी, अगली बार वो आए तो स्टेअरिंग उसी को दे देना. पाँव उसके उलटे होते हैं, फिर भी आपसे अच्छा चलाएगा.’’