गणपतरावांची छाती
गोपिकाचा राग नाकावर असतो, हे अख्ख्या जरीपटका वस्तीला ठाऊक. पण त्या सकाळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण तिचे वडील, गणपतराव वेल्डर. डावा हात भरून आलेला, छातीत चमका, आणि हा माणूस दुकानात बसून गूळ चघळतोय! वेल्डिंगचा धूर छातीत साचला की गूळ खायचा, धूर कटतो, अशी तिथल्या समस्त वेल्डरांची श्रद्धा. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? आईनं, अंजनाबाईनं, वर मोहरीचं तेलही चोळून दिलेलं.

"धुराले गूळ लागते, डाक्टर नाही," गणपतराव म्हणाले.

"चूप बसा! ऑटोत बसा आधी!"

गोपिका एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढते. तिथं नेऊन तिनंच त्यांना टेबलावर झोपवलं आणि छातीवर इलेक्ट्रोड चिकटवायला घेतले, तर एक टिकेल तर शपथ! सगळे तेलावरून घसरले. स्पिरिटच्या बोळ्यानं ती छाती खसाखसा घासू लागली आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"जिंदगीभर वेल्डिंगचे इलेक्ट्रोडच जाळले ना तुमी? रंगावर, गंजावर रॉड टेकवला तं पकडते का? मंग हे तेल काहून चोळलं?"

"माह्या रॉडातून एवढा करंट जाते का लोखंड वितळते. तुह्या ह्या टिकल्या काय करतात वं?"

"ऐकतात! बॅटरीचा सेल असो, मुलामा चढवायचा हौद असो, इलेक्ट्रोड म्हणजे वीज जायाचा दरवाजा. तुमचा दरवाजा मोठा, माहा बारका. ठोका पडला का हृदयातून जराशी वीज कातडीपर्यंत येते. टिकलीखालचा हा जेल तिले तारेत घेते. मधात तेल आलं का खलास! समजलं?"

अखेर चिकटले एकदाचे. कागद सरकू लागला आणि गोपिकानं तो तसाच फाडून डॉक्टरांपुढे धरला. असले कागद ती रोज काढते, अटॅक तिनं ओळखलाच होता. तरी डॉक्टरांनी सांगितलंच, "लगेच आयसीयूत घ्या. आणि कागदावर दिसतंय, यांना आधीही एक अटॅक येऊन गेलाय. तेव्हा कोणाला दाखवलं होतं?"

"कोणालेच नाही," गणपतराव छताकडे बघत म्हणाले.

"कधी झालं हे?" गोपिकाचा आवाज चिरकला.

"तुही या नोकरीची मुलाखत होती ना, त्या दिवशी. छाती लय आवळून राहिली होती. म्हटलं, सांगितलं तं पोरगी जाणार नाही. गूळ खाल्ला अन् पडून राहिलो."

"आग लागो त्या नोकरीले!" गोपिका इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "तुमाले कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायले? मले इचारलं होतं?"

वॉर्डबॉय स्ट्रेचर घ्यायला आला. तिनं त्याला हात लावू दिला नाही. रडत, बापाला शिव्या घालत तिनं ते एकटीनंच आयसीयूपर्यंत ढकलत नेलं.