सोलापूरचं जवाबी कार्ड

आमचे मामेसासरे, दादामामा, एका शनिवारी सकाळी वारले आणि त्यांना मी मारलं. त्याच संध्याकाळी ते आपल्या ओट्यावर दाढी करून घेत बसले होते, हा भाग वेगळा.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी अमलातलं. तिथं मी मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन अणदूरला आले, ती थेट निजामाची रयत झाले. इथं पुढं शिकायचं तर उर्दूतून, आणि तेही हैदराबादेला जाऊन. पाटलाच्या सुनेला वेशीबाहेर जायचं तरी सोबत लागायची, हैदराबाद कुठलं! पण पुण्याकडच्या एका विद्यापीठात बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता यायचं, तेही मराठीतून. सोलापूरचे एक म्हातारे गुरुजी टपालानं शिकवायचे. ते प्रश्न धाडायचे, मी उत्तरं धाडायची, आणि ती तांबड्या शाईत न्हाऊन परत यायची. चुलीशेजारचा पाट हेच माझं कॉलेज.

सासऱ्यांची (त्यांना आम्ही आबा म्हणायचो) हरकत नव्हती. "शिकू दे की, घरातच हाय," म्हणायचे. आमचे 'हे' तुळजापूरच्या कचेरीत कारकून, जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीपुरते घरी येणार. तेही हो म्हणाले. हरकत सासूबाईंची! "घरात बसून काय बी वाच. पर परीक्षेपायी सोलापूर गाठायचं न्हाय. लोक काय म्हनतील?" आणि परीक्षा तर सोलापुरातच होती! वर्षभर वाचलेलं सगळं उंबऱ्यापाशी अडणार, हे मला दिसत होतं. तरी मी वाचत होते. आशा वेडी असते.

परीक्षा जवळ आली, पण नक्की दिवस कळेना. मी गुरुजींना जवाबी कार्ड टाकलं. जवाबी कार्ड म्हणजे जोडीचं कार्ड. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं ठेवायचं, म्हणजे समोरच्यानं नुसतं उत्तर खरडून पेटीत टाकायचं. निजामाचं टपाल सोलापूरला चालायचं नाही, त्याला इंग्रज सरकारचं कार्ड लागायचं. माहेरून आणलेल्यांतलं ते शेवटचं.

शनिवारी सकाळी टपालवाले चाँदभाई आले. रोज सरळ ओसरीवर येऊन पाणी मागणारा हा माणूस, त्या दिवशी बाहेर लिंबाखालीच उभा राहिला.

"पाटील," ते हळूच म्हणाले, "कार्ड हाय. कोपरा न्हाय."

मयताचं कळवायचं कार्ड कोपरा फाडून टाकायची आमच्याकडं रीत. असं कार्ड घरात आणायचं नाही. अंगणातच वाचायचं, लगेच नाहीसं करायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं.

"कुठनं आलंय?" आबांनी विचारलं.

"शिक्का सोलापूरचा हाय." (चाँदभाईंना मराठी वाचता यायचं नाही, पण शिक्के सगळे पाठ!)

"माजा दादा गेला गं बाई!" सासूबाईंनी ऊर बडवला. दादामामा त्यांचे थोरले भाऊ. सोलापुरात आमचं दुसरं होतंच कोण? (गुरुजी होते! पण ज्यांच्या कार्डाची मी वाट बघत होते, तेच गुरुजी त्या घडीला माझ्या डोक्यातून साफ पुसले गेले.)

आबांना मोडी यायची, बाळबोध अक्षर जड जायचं. "सूनबाई, तू वाच," ते म्हणाले. मी कार्ड घेतलं. डोळे भरलेले, अक्षरं धड दिसेनात.

"सोमवारी सकाळी..." एवढंच मी वाचलं.

"सोमवारी गेला! आन् आज शनवार!" सासूबाईंनी टाहो फोडला. "नगं पुढं वाचूस, मला ऐकवत न्हाय!" आणि माझ्या हातातलं कार्ड हिसकून त्यांनी अंगणातल्या चुलवणात टाकलं.

शेजारणी जमल्या. "कशानं गेले वो?" एकीनं विचारलं. गप्प बसावं की नाही? पण घरात शिकलेली मी एकटी! "एकाएकीच गेले," मी सांगून टाकलं. (मजकूर थोडा होता. लांबलेलं दुखणं असतं तर चार ओळी जास्त नसत्या का?) अर्ध्या तासात गावभर झालं की, पाटलाचा मेव्हणा बसल्या जागी गेला.

मी मात्र दादामामांसाठी रडत नव्हते. त्यांना मी पाहिलेलं दोनदा, तेही घोळक्यात. मला रडू येत होतं परीक्षेचं. आता सुतक, मग माणसांची ये-जा, मग सासूबाईंचं दुःख. या सगळ्यात कुणाला विचारायचं आणि कधी? आपण किती हलक्या मनाच्या, घरात मयत झालंय आणि आपल्याला पेपर दिसतायत, याचीही लाज वाटली, आणि त्या लाजेचंही रडू आलं. शेवटी मी असा हंबरडा फोडला की सासूबाई आपलं रडणं थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांनी मला पोटाशी धरलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

दुपारच्या मोटारीनं आम्ही तिघं निघालो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी पिठलं-भाकरीचं गाठोडं बरोबर दिलेलं. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मोटार कोळशावर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. सासूबाई मोटार ढकलता ढकलता रडत होत्या आणि जोर मात्र आबांपेक्षा जास्त लावत होत्या!

सरहद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं. राज्यातलं धान्य बाहेर न्यायला बंदी, त्यामुळं शिपायानं आमच्या गाठोड्यावर काठी टेकवली. "इसमें क्या है?"

"आमचा दादा गेला वो, सायेब!" सासूबाईंनी असा सूर लावला की शिपायानं स्वतःच गाठोडं उचलून मोटारीत ठेवलं आणि डोळे पुसले.

आणि दादामामांच्या दारात पोचतो तो काय! ओट्यावर दादामामा, अर्ध्या गालाला साबण, समोर न्हावी.

"काशे, तू गं कशी?" ते सासूबाईंना म्हणाले. "आन् ही रडारड कशापायी?"

सासूबाई होत्या तिथंच खाली बसल्या. आबा चाचरत म्हणाले, "तुमी... तुमी सोमवारी गेलाव न्हवं?"

"कुठं?" दादामामांनी विचारलं.

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण दादामामा मोठ्या मनाचे. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणत त्यांनी गाठोडं सोडलं आणि जेवायला बसले. दोन घास खाऊन म्हणाले, "काशे, मेलो म्हून काय झालं, मीठ तर घालायचं!"

"मग सोलापुरातनं कार्ड धाडलं कुनी?" आबांनी विचारलं, आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन गुरुजींचं घर गाठलं. ते खूश. "कार्ड मिळालं म्हणायचं! उद्या सोमवारी सकाळी पहिला पेपर."

"पण गुरुजी, कोपरा?"

"तो तुमच्याकडूनच फाटून आला होता. मी दचकलोच! पण पत्ता तुमच्याच अक्षरात. म्हटलं, आपल्या मयताचं कार्ड कुणी आपल्या हातानं लिहीत नाही."

तेव्हा आठवलं. फोडणी टाकता टाकता कोऱ्या कार्डाच्या कोपऱ्याला हळद लागली होती. हळद लावलेलं कार्ड म्हणजे लग्नाचं आवतण! गुरुजी काय म्हणतील, म्हणून मीच तो कोपरा फाडला होता. लग्न टाळायला गेले आणि मयत ओढवून घेतलं.

परतताना सासूबाई तरातरा पुढं चालल्या होत्या. मी मान खाली घालून चालत होते. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"दादासाठी न्हवतीस तू रडत."

मी पायानं रस्त्यावरचा खडा ढकलायला लागले.

"पोटचं काय तरी गेल्यासारकी रडत हुतीस. मला तवाच कळलं, हे येगळं हाय." त्यांनी पदर सावरला. "येवढं हाय, तर दे बाई उद्या परीक्षा. लोकांचं म्या बगते."

मला पुन्हा रडू आलं. या खेपेला मात्र ते सासूबाईंसाठीच होतं. सोमवारी त्या पेपर संपेपर्यंत फाटकापाशी बसून होत्या.

पुढं निकाल लागला. सगळ्या विषयांत पास झाले, फक्त सोमवार सकाळचा तेवढा राहिला. तर्कशास्त्र.

"ते कशाचं असतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवढं दिसतं, त्यावरनं न दिसलेलं बरोबर ओळखायचं."

सासूबाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं. "मग," त्या म्हणाल्या, "तपासनारा मानूस शाना हाय."