काजळकोट, खंड पाचवा

प्रकाशनाच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलाच्या खणात जुनी प्रुफं साचतात तसे ते आपोआप साचत जातात, आणि एक दिवस खण उघडेनासा होतो. माझ्या खणातले निम्मे किस्से एकाच पुस्तकाचे आहेत. म्हटलं, आज एवढा एक खण तरी रिकामा करून टाकावा.

मी धंतोलीतल्या एका छोट्या प्रकाशनात मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरते. आमच्याकडे ‘काजळकोट’ नावाची कादंबरीमालिका निघते. एकूण नऊ खंड व्हायचे आहेत. सावरी नावाची पोरगी आणि तिचे सहा सोबती एक विझलेली मशाल घेऊन काजळकोट किल्ल्याकडे निघालेत, कारण ती मशाल फक्त तिथल्या आगीवर पेटते. किल्ल्यात काजळस्वामी बसलाय आणि त्याने सूर्य गिळलाय. वाटेत वेताळ आहेत, बोलणारी मढी आहेत, माणसांच्या सावल्या विकत घेणारा बाजार आहे. लहान मुलांचं काम नाही. दुसऱ्या खंडाचं प्रूफ मी भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून वाचलं होतं!

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून येतं त्या कुंदाताई दिसायला अगदी साध्या. कोराडीच्या वीज केंद्रात राखेच्या विभागात नोकरी, खांद्याला डब्याची पिशवी, आणि पिशवीत डब्याखाली हस्तलिखित. आमच्या पानांना कधीकधी भेंडीच्या भाजीचा वास येतो तो त्यामुळे.

* * *

तिसरा खंड निघाला तेव्हा कुंदाताईंच्या एका साहेबांना कोणीतरी जाऊन सांगितलं की, काजळस्वामीच्या मिशा हुबेहूब तुमच्यासारख्या आहेत. साहेबांनी आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती, पण ही दोन दिवसांत वाचली. मग ताईंना केबिनमध्ये बोलावलं, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं की हा काय प्रकार आहे.

कुंदाताई म्हणाल्या, “साहेब, त्याले नऊ खंड टिकायचं आहे. तुमची बदली तं तीन वर्षांत होते.”

साहेबांनी चौथा खंड स्वतःहून मागवला. बदली झाल्यावरही मागवतात.

* * *

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. लोक गावोगावहून येतात आणि पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात, त्यामुळे आम्हीही एक टेबल टाकून बसतो. एका वर्षी उमरेडकडचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी ‘काजळकोट’चा नेमका चौथा खंड उचलला. मी माझं कर्तव्य केलं. म्हटलं, दादा, ही मालिका आहे, पहिल्या खंडापासून घ्या, मधूनच वाचलं तर काही कळणार नाही.

त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

“आपण जन्माले आलो तवाबी गोष्ट सुरूच होती ना बाई? मागचे खंड कोण वाचून आलं होतं?”

मी हे कुंदाताईंना सांगितलं, तर त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तेव्हापासून त्या मधल्या खंडांना कमी लेखू देत नाहीत.

* * *

एका परिसंवादात एका विद्वानांनी कुंदाताईंना फार प्रेमाने एक प्रश्न विचारला. प्रेमाने विचारलेल्या प्रश्नांची मला जास्त भीती वाटते. ते म्हणाले, तुमच्या घराण्याने छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तुमच्या आजी-आजोबांनी काय काय सोसलं असेल. ते सगळं सोडून तुम्ही भुताखेतांत का रमता? तुमचं आत्मकथन यायला हवं.

सभागृहाने माना डोलावल्या. खरं सांगते, माझीही मान थोडी हलली.

कुंदाताईंनी माइक जवळ ओढला. “दुःख लिहायचं काम आमचं अन् राक्षस लिहायचं काम तुमचं, हे वाटप कधी झालं? मले बोलावलं नव्हतं.”

मग त्या शांतपणे खाली बसल्या. चहाच्या वेळी त्या विद्वानांनी माझ्याजवळ येऊन पहिल्या खंडाची किंमत विचारली.

* * *

आमची पुस्तकं लकडगंजला गिरजाबाईंकडे बांधली जातात. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी बाइंडिंगचं काम एकटीने उभं केलं, आणि आता सहा बायका हाताखाली आहेत. प्रेसमधून छापील कागद येतात. एका कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणायचं. असे वीसेक फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक.

या बायका ‘काजळकोट’च्या आद्य वाचक आहेत, हे मला फार उशिरा कळलं. एकजण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या घड्या घालतात. भानगड अशी की प्रेसमधून फर्मे कधीच ओळीने येत नाहीत. जो आधी छापला तो आधी येतो. त्यामुळे गोष्ट त्यांना उलटीसुलटी कळते, आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नसते.

तिसऱ्या खंडाच्या वेळी नववा फर्मा आधी आला. त्यात सावरीचा म्हातारा घोडा दलदलीत बुडून मरतो. सगळ्याजणी रडल्या, काम अर्धा दिवस बंद. दोन दिवसांनी दोन नंबरचा फर्मा आला, तर त्यात तोच घोडा मजेत हरभरा खातोय! काही अडलंय असा निरोप आला म्हणून मी आणि कुंदाताई धावतपळत लकडगंजला गेलो. ताई समजावायला लागल्या की हे आधीचं आहे, तेव्हा तो जिवंत होता. गिरजाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“ते समजलं आमाले. पन तो मरनार हाये हे आमाले मालूम हाये अन् त्याले नाई. मंग तो हरभरा खाऊन राहिला ते वाचवत नाई वं ताई.”

कुंदाताई माझ्यासोबत परतीच्या बसमध्ये बसल्या. मग म्हणाल्या की एवढं तर मलाही लिहिताना दिसलं नव्हतं.

* * *

वाडीला एक काका राहतात. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये चाळीस वर्षं कारकुनी केली, आता ऐंशी उलटलेत. त्यांनी आमच्या प्रकाशनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की, माझ्याच्याने आता थांबवत नाही, ताईंनी गोष्ट लवकर आटपावी.

कुंदाताईंनी त्यांना फोन केला आणि म्हणाल्या, “काका, मी नाही आटपत. तुमीच चार वर्षं जास्त काढा.”

काकांनी ग्रुपवर कळवलं की ठीक आहे, रोज फिरायला जायला सुरुवात केली आहे.

आम्ही सगळे हसलो. हसले नाहीत ते आमचे मालक, भाऊसाहेब. त्यांना त्या ग्रुपवर फक्त ‘लवकर आटपा’ एवढंच दिसलं.

* * *

इथून पुढचं मी हसत सांगू शकेन की नाही, माहीत नाही.

पाचवा खंड आला तो पावसाळा संपता संपता. नवातला पाचवा, म्हणजे बरोबर मधला. त्यात सातही जण राखेच्या मैदानात वाट चुकतात. लढाई नाही, वेताळ नाही, काजळस्वामीचं नखसुद्धा नाही. तीनशे पानं ती माणसं नुसती चालतात, भांडतात, एकमेकांचं पाणी चोरतात. शेवटच्या पानावर सावरी मशाल खाली ठेवते आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा मागे वळून पाहते. बस, खंड संपला. ती परत जाणार की पुढे, ते सांगितलेलंच नाही. वाचून झाल्यावर माझे पाय दुखत होते, एवढं मी सांगते.

भाऊसाहेबांनी मला आणि कुंदाताईंना समोर बसवलं. माणूस वाईट नाही. पण चौथ्या खंडाचे गठ्ठे अजून भिंतीला लागून होते आणि ग्रंथालयवाले मालिका पूर्ण झाली की या म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की, या खंडात काही घडतच नाही. तेव्हा सोळा पानं वाढवा, काजळस्वामीला मारा, मशाल पेटवा आणि मालिका इथेच पूर्ण करा.

“घडते ना,” कुंदाताई म्हणाल्या. “सावरी थकते. थकनं म्हणजे घडनं नाही का?”

भाऊसाहेब म्हणाले, “शेवट नसेल तर हा खंड निघणार नाही. कपाटात राहील.”

“मंग राहू द्या कपाटात. सावरी तिथंबी बसून राहीन. पन तिले घरी न्यायचं का पुढे, ते मी ठरवीन.”

त्यांनी डब्याची पिशवी उचलली आणि कोराडीच्या बसला गेल्या. भाऊसाहेबांनी हस्तलिखित खरोखर कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

* * *

ती सोळा पानं मी लिहिली.

भाऊसाहेबांनी तीनदा विचारलं. ते म्हणाले, बाई, कुंदाताईंचा स्वल्पविराम कुठे पडतो हे त्यांच्याआधी तुम्हाला कळतं, तुम्हालाच जमेल. दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी त्या कपाटाकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं की, निदान पुस्तक तरी बाहेर येईल, ती तीनशे पानं तरी लोक वाचतील. हे कारण खरं होतं. पण अजून एक खरं होतं, आणि ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. मला लिहायचं होतं. वीस-बावीस वर्षं लोकांचे काने-मात्रे सरळ करून माझी बोटं शिवशिवत होती.

चार दुपारी बसून मी सावरीला काजळकोटात नेलं. मशाल पेटली, काजळस्वामीची राख झाली, सूर्य वर आला, सगळे आपापल्या घरी गेले. वाचून माझेच डोळे भरून आले. नाटक करत नाही, ते चांगलं झालं होतं.

कुंदाताईंना फोनवर एवढंच सांगण्यात आलं की पाचवा खंड निघतोय. त्या दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या आणि पहिला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. बाई, तुम्हीच भाऊसाहेबांना समजावलं असणार, म्हणाल्या. मी बर्फी खाल्ली. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

त्यांचा मजकूर विसाव्या फर्म्यात संपत होता. एकविसावा फर्मा अख्खा माझा.

* * *

प्रकाशनाला साठ-सत्तर माणसं आली. पुस्तकांचे गठ्ठे लकडगंजहून थेट सभागृहात आले होते. वाडीचे काका पांढरे बूट घालून पहिल्या रांगेत. कव्हरवरचा कागद सोडवून पुस्तक ताईंच्या हातात दिलं तेव्हा मी दाराजवळ उभी होते, सरळ निघून जाता यावं म्हणून. भाऊसाहेबांना वाटत होतं की छापून झाल्यावर, चारचौघांत, ताई काही बोलणार नाहीत.

कोणीतरी थोडं वाचून दाखवा म्हणालं. कुंदाताईंनी पुस्तक शेवटच्या पानांवर उघडलं.

त्या वाचत गेल्या. सावरी राखेत गुडघ्यावर बसली. तिने मशाल खाली ठेवली. तिने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. कुंदाताईंनी पान उलटलं. पुढे एक कोरं पान होतं आणि त्यापुढे पुठ्ठा.

टाळ्या पडल्या. काका उभे राहून सहावा कधी म्हणून विचारायला लागले. भाऊसाहेब टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होते. मी शेजारच्या ढिगातलं एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी विसाव्या फर्म्याला संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि भाऊसाहेब लकडगंजला गेलो. गिरजाबाई खळीचे हात पुसत बाहेर आल्या. मागे सहाही बायका घड्या घालत होत्या आणि कोणीही मान वर केली नाही. भाऊसाहेबांनी आवाज चढवून विचारलं की एकविसावा फर्मा कुठे आहे.

गिरजाबाईंनी कोपऱ्यात बोट दाखवलं. सुतळीने नीट बांधलेला गठ्ठा होता, एकही कागद घडी न घातलेला.

“तो या पुस्तकाचा नाई भाऊसाहेब. प्रेसवाल्यायनं दुसऱ्या कोनाचा टाकून देल्ला.”

भाऊसाहेब म्हणाले, त्यात सावरी आहे, काजळस्वामी आहे, पानांचे आकडेसुद्धा पुढचेच आहेत.

“नाव तेच असन. ते सावरी नाई. चार खंड या हातातून गेले, आमाले नाई समजत का?”

भाऊसाहेब काही बोलायच्या आत त्या माझ्याकडे वळल्या.

“पन मॅडम, लिवलं मात्र चांगलं हाये. आमी दोनदा वाचलं. ज्यायचं असन त्यायले सांगजा, आपलं पुस्तक आना म्हना, पयल्या पानापासून. आमी बांधून देऊ.”